सिंगल टाकू की ट्विनच ठेवू? रस्त्यावरच्या एन५४ साठी टर्बो कसे निवडायचे

जुनी ३३५आय किंवा १३५आय आहे, बीएमडब्ल्यूचं एन५४ इंजिन, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) वाजायला लागलेत, गॅरेजवाल्याने दोन नवीन टर्बोचं कोटेशन हातात दिलंय आणि ते बघून डोक्यात पहिला विचार हाच की एवढे पैसे घालायचेच आहेत तर दोन टर्बोंच्या (ट्विन) जागी एकच मोठा (सिंगल) का नको. हा लेख त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे. इकडे शिकागोच्या आसपास आपल्या मंडळाच्या गणपतीत सुद्धा पार्किंगमध्ये कोणी बॉनेट उघडलं की दहा जण जमतात आणि हाच प्रश्न निघतो. मी आधी ट्विन अपग्रेड करून गाडी चालवली, नंतर सिंगलवर गेलो, दोन्हीकडचं सुख आणि दोन्हीकडची कटकट माहितीये, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. टर्बो किती हा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवायचा. आधी आकडा, मग कुठल्या आरपीएमला ताकद पाहिजे ते, मग पेट्रोल आणि गिअरबॉक्स. एवढं कागदावर उतरवलं की बहुतेक वेळा एक की दोन याचं उत्तर आपोआप समोर येतं. लोक उलटं करतात, आधी किट मागवतात आणि मग बाकीची गाडी त्याच्या मागे फरफटत नेतात.

आधी हे हाताशी ठेवा

- गाडीची सर्व्हिस हिस्ट्री, खास करून हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर आणि वॉटर पंप कधी बदलले ते
- कम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन टेस्टचा (सिलिंडर दाब नीट धरतात का ते सांगणाऱ्या) रिपोर्ट, नवीन, मागच्या मालकाने दिलेला नाही
- ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) आणि लॉगिंगचं, म्हणजे चालताना इंजिनचे आकडे नोंदवायचं अॅप, एन५४ वाले बहुतेक एमएचडी वापरतात
- हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, गेज असलेला
- बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) लीक टेस्टर किंवा ओळखीच्या गॅरेजातलं स्मोक मशिन
- इथेनॉल मोजायची टेस्ट ट्यूब (ई८५ हे जास्त इथेनॉलचं पेट्रोल वापरणार असाल तर)
- रजिस्ट्रेशन, पुढची एमिशन टेस्ट कधी आहे ती तारीख, आणि इन्शुरन्स पॉलिसीची पूर्ण प्रत, नुसतं कार्ड नाही

१. टर्बो खरंच गेलेत का ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त लोक हेच गाळतात. डॅशबोर्डवर हाफ इंजिनचं चित्र आलं, गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद कापलेल्या स्थितीत) गेली, स्कॅन केलं तर ३०एफएफ कोड, म्हणजे बूस्ट प्रेशर कमी. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेले. असतीलही. पण एन५४ चे वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोच्या चाकाला वळसा घालून सोडणाऱ्या झडपा) व्हॅक्यूमवर चालतात, व्हॅक्यूम मिळाला तर बंद होतात, नाही मिळाला तर उघडे राहतात आणि मग बूस्ट तयारच होत नाही. आता पंधरा वर्षांच्या रबराच्या नळ्या, त्या टर्बोच्या उष्णतेत भाजून निघालेल्या, त्यातली एक जरी तडकली तरी कोड तोच येतो. नळीची किंमत काय आणि टर्बोची काय!

तपासायचं असं. इंजिन थंड असताना वेस्टगेटच्या अॅक्च्युएटरची (झडपेचा रॉड ओढणाऱ्या डबीची) नळी काढा, तिथे हातपंप लावा आणि व्हॅक्यूम ओढा. रॉड एकसारखा आत गेला पाहिजे, मध्ये अडखळायला नको, आणि ओढून धरल्यावर गेजचा काटा जागेवर थांबला पाहिजे. काटा हळूहळू खाली यायला लागला तर अॅक्च्युएटरचा पडदा फाटलाय. काटा थांबतोय पण गाडीला बूस्ट नाही तर मागे सरका, नळ्या, मग दोन्ही बूस्ट सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॅक्यूमचे व्हॉल्व्ह), मग व्हॅक्यूमचा पंप. त्याच्याबरोबर स्मोक टेस्ट करा कारण प्लास्टिकचा चार्ज पाइप (टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारा) थ्रॉटलजवळ फुटतो हा या इंजिनचा ठरलेला आजार आहे.

वेस्टगेटचा आवाज वेगळा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा थंडीत स्टार्ट केल्यावर डब्यात चिल्लर हलवल्यासारखा खळखळाट येतो, तो वेस्टगेटच्या दांड्याचं बुशिंग झिजल्याचा. यासाठी अमेरिकेत बीएमडब्ल्यूने वॉरंटी ८ वर्षं किंवा ८२,००० मैलांपर्यंत वाढवली होती पण ती मुदत आता सगळ्याच गाड्यांची संपली. नुसता आवाज आहे, बूस्ट लॉगमध्ये टार्गेटला पोचतोय, ऑइल जळत नाहीये, तर घाई करायचं काही कारण नाही, आवाजासकट गाडी बरेच दिवस चालते. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिल्यावर मागून निळा धूर येतोय, शाफ्ट हाताने हलवला तर कम्प्रेसरचं चाक हाउसिंगला लागतंय, अशी परिस्थिती असेल तर मात्र टर्बो गेले, पुढचं वाचा.

आणि कम्प्रेशन टेस्ट. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर टर्बोचा विषय तिथेच थांबवा, ते पैसे इंजिनात जाणार आहेत.

२. कुठल्या ट्विनबद्दल बोलतोय ते नक्की करा

ट्विन म्हटलं की सगळे एकच समजतात आणि मग आरएक्स-७ वाल्याचा अनुभव ३३५आय ला लावतात. एन५४ मध्ये दोन सारखे छोटे मित्सुबिशी टर्बो आहेत, प्रत्येकी तीन सिलिंडरचा एक्झॉस्ट घेणारे, दोन्ही कायम एकाच वेळी काम करतात. याला पॅरलल म्हणतात, निसानचं आरबी२६ पण असंच. १९९३ च्या टोयोटा सुप्रातलं २जेझेड-जीटीई आणि माझदा आरएक्स-७ चं १३बी-आरईडब्ल्यू हे सिक्वेन्शियल, खालच्या आरपीएमला एकच टर्बो फिरतो आणि साधारण ४००० च्या पुढेमागे दुसरा जोडला जातो. चालवायला मस्त लागतं पण त्यासाठी व्हॉल्व्ह, सोलेनॉइड आणि व्हॅक्यूम नळ्यांचं जे जंजाळ आहे ते बघूनच सुप्रावाले वैतागून सिंगलवर जातात. म्हणजे त्यांनी सिंगल का टाकला याचं निम्मं कारण एन५४ ला लागूच होत नाही.

ट्विन स्क्रोल ही अजून तिसरीच गोष्ट. त्यात टर्बो एकच असतो पण टर्बाइनच्या हाउसिंगमध्ये मधे भिंत घालून दोन वाटा केलेल्या असतात, म्हणजे तीन-तीन सिलिंडरचे एक्झॉस्ट पल्स एकमेकांत लुडबुड न करता चाकापर्यंत येतात. सेकंडहँड गाडी बघताना फसू नका, इंजिन कव्हरवर ट्विनपॉवर टर्बो असं लिहिलंय म्हणून दोन टर्बो असतीलच असं नाही, बीएमडब्ल्यूच्याच नंतरच्या एन५५ आणि बी५८ या दोन्ही इंजिनांवर ते लिहितात आणि दोघांत टर्बो एकच.

३. आकडा ठरवा, आणि तो चाकावरचा ठरवा

कंपनीचा आकडा क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरचा असतो, एन५४ चा ३०० हॉर्सपॉवर. डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) चाकावरचा आकडा निघतो आणि तो साधारण १५ टक्के कमी असतो. कोणी म्हणालं माझी पाचशेची आहे तर कुठली पाचशे ते आधी विचारा.

आता हिशोब, सोपा आहे. पेट्रोल इंजिनला दर १० हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण १ पौंड हवा लागते. समजा चाकावर ४५० पाहिजेत. ४५० भागिले ०.८५ म्हणजे क्रँकवर ५३० च्या जवळ, म्हणजे मिनिटाला ५३ पौंड हवा. एकच टर्बो असेल तर त्याच्या एकट्याच्या मॅपवर (कंपनी देते त्या हवा आणि दाबाच्या आलेखावर) ५३ शोधायचे, दोन असतील तर प्रत्येकाच्या मॅपवर साडेसव्वीस. (इथेच बरेच नवीन लोक गडबडतात, ट्विनच्या एका टर्बोचा मॅप घेऊन त्याच्यावर पूर्ण इंजिनची हवा टाकतात आणि म्हणतात हा टर्बो फार छोटा आहे.)

मॅपच्या उभ्या रेघेवर प्रेशर रेशो, म्हणजे टर्बोतून बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा दाब, असतो. २० पीएसआय बूस्ट असेल तर वातावरणाच्या १४.७ मध्ये २० मिळवून १४.७ ने भागायचं, २.३६ येतं. पण खऱ्या गाडीत एअर फिल्टर आणि पाइप हवा थोडी अडवतात, इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) प्रेशर थोडं पडतं. फिल्टरकडे अर्धा पीएसआय आणि इंटरकूलरमध्ये दोन धरले तर ३६.७ भागिले १४.२, म्हणजे २.५८. कागदावर मधोमध बसणारा टर्बो प्रत्यक्षात मॅपच्या कडेला जातो तो असा. कडेला गेला की हवा गरम होते, गरम हवेत इंजिन नॉक करतं (पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी अचानक फुटतं), मग ट्यूनरला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग, म्हणजे ट्यून, करणाऱ्याला) टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे घ्यावं लागतं आणि जास्त बूस्ट देऊन पण ताकद वाढत नाही.

४. ताकद कुठल्या आरपीएमला पाहिजे?

याचं उत्तर डायनोच्या कागदावरून काढू नका, आपल्या रोजच्या रस्त्यावरून काढा. आठवडाभर ऑफिसला जाताना-येताना लॉग लावून ठेवा आणि मग बघा इंजिन बहुतेक वेळ कुठे फिरतंय. माझं, आणि मी ज्यांचे ज्यांचे लॉग बघितले त्यांचं, १५०० ते ३५०० च्या मधेच. सहा हजारला आपण क्वचित जातो, हायवेच्या रॅम्पवर दोन-चार सेकंद.

आता दोन शब्द वेगळे ठेवा. ज्या आरपीएमच्या खाली कितीही पाय दाबला तरी पूर्ण बूस्ट येतच नाही ती एक मर्यादा, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आणि त्या मर्यादेच्या वर असताना पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंत जो वेळ जातो तो लॅग. मोठ्या सिंगलची थ्रेशोल्ड वर सरकते, ती कुठल्याही ट्यूनने पूर्ण खाली आणता येत नाही. लॅग मात्र बेअरिंग, चाकाचं वजन, मॅनिफोल्ड याने बराच कमी करता येतो.

कागदावर दोन छोटे टर्बो जिंकतात. फिरत्या चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं, म्हणून तेवढीच हवा देणारी दोन छोटी चाकं मिळून एका मोठ्या चाकाच्या साधारण एक तृतीयांश जड पडतात. पण छोट्या चाकाची कार्यक्षमता कमी असते, चाक आणि हाउसिंग यातली फट तेवढीच राहते आणि चाक लहान झालेलं असतं, बेअरिंगचं घर्षण दोनदा, गरम पृष्ठभाग जास्त. म्हणून फरक गणितात दिसतो तेवढा रस्त्यावर दिसत नाही.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्या पण एका मताच्या नाहीत आणि मला हे बघायला मजा येते. टोयोटाने १जेझेड-जीटीई मधले दोन टर्बो काढून १९९६ ला एकच लावला, टॉर्क ३६३ वरून ३७८ न्यूटन मीटर झाला आणि तो ४८०० ऐवजी २४०० आरपीएमलाच मिळायला लागला (त्यात व्हीव्हीटी-आय चा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा, पण वाटा आहे, सगळं श्रेय टर्बोला देऊ नका). बीएमडब्ल्यूने २००९ ला एन५५ मध्ये दोनाचा एक ट्विन स्क्रोल केला, हॉर्सपॉवर तेवढेच ठेवले आणि पूर्ण टॉर्क उलट थोडा लवकर आला. आणि मग २०१४ च्या एम३-एम४ साठी एस५५ मध्ये परत दोन टर्बो! म्हणजे एक की दोन यात कुठलाही एक पर्याय जुना किंवा मागास नाहीये, काम बघून ठरतं.

५. पेट्रोल, पंप, गिअरबॉक्स

आकडा आणि आरपीएम ठरलं, आता तो आकडा बाकीच्या गाडीला झेपतो का. एन५४ चा कम्प्रेशन रेशो १०.२ आहे, टर्बो इंजिनला हे तसं जास्तच, त्यामुळे ९३ ऑक्टेनवर एका मर्यादेनंतर बूस्ट वाढवून उपयोग नाही. म्हणून लोक ई८५ मिसळतात. इकडे मिडवेस्टमध्ये मक्याच्या कृपेने ई८५ बऱ्याच पंपांवर मिळतं पण त्याचं नाव ८५ असलं तरी आत इथेनॉल ऋतूप्रमाणे ५१ ते ८३ टक्के असू शकतं. हिवाळ्यात कमी असतं. ट्यूबमध्ये खुणेपर्यंत पाणी घ्या, वर ई८५ ओता, हलवा, उभी ठेवा, इथेनॉल पाण्यात उतरतं आणि पेट्रोल वर वेगळं तरंगतं, मधली रेघ कुठे आली ते वाचा. ट्यून जर ठरावीक मिश्रणावर केलेला असेल तर टाकी भरताना दर वेळी हे करा, कंटाळा आला तर सरळ इथेनॉल सेन्सर बसवून घ्या.

इथेनॉलला पेट्रोलपेक्षा तीस टक्क्यांच्या वर जास्त इंधन लागतं, आणि एन५४ च्या डायरेक्ट इंजेक्शनचा हाय प्रेशर पंप तिथे दमतो. मोठ्या सिंगलसाठी पोर्ट इंजेक्शनचा (इनटेकमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जादा इंजेक्टरचा) वेगळा सेट घ्यावाच लागतो, टाकीतला लो प्रेशर पंप पण बदलावा लागतो. किटच्या जाहिरातीत हा खर्च कुठेच नसतो.

गिअरबॉक्स. मॅन्युअल असेल तर स्टॉक क्लच पहिला घसरणार. ऑटोमॅटिकला कमी आरपीएमला अचानक येणारा टॉर्क जास्त त्रास देतो, आणि गंमत म्हणजे तो ट्विनमध्ये जास्त येतो, सिंगलमध्ये ताकद वर सरकलेली असल्याने गिअरबॉक्स आणि कनेक्टिंग रॉड दोघांना तेवढ्याच हॉर्सपॉवरला थोडी सूट मिळते. टायरचं पण तेच, पावसात दुसऱ्या गिअरला २५०० वर ट्विन गाडी सरळ मागचं बूड फिरवते.

६. आता एक की दोन

माझा हिशोब असा आहे, सगळे आकडे चाकावरचे आणि अंदाजाचे.

४०० पर्यंत: स्टॉक प्रकारचेच नवीन दोन टर्बो, चांगला इंटरकूलर, धातूचा चार्ज पाइप, ट्यून. विषय संपला. खरं सांगायचं तर बहुतेकांची गरज इथेच भागते, फक्त कबूल करायला जड जातं.

४०० ते ५५०: इथेच खरं भांडण आहे. स्टॉक जागेवर बसणारे पण आतून मोठी चाकं असलेले ट्विन मिळतात. रोज ऑफिसला न्यायची गाडी, बॉनेटखाली फार काही वेगळं दिसायला नको, २५०० पासून दम पाहिजे, तर हेच घ्या. पण बसवायची मजुरी विचारात घ्या. एन५४ चे टर्बो इंजिनच्या बाजूला खाली खोल अडकवलेले आहेत, बहुतेक गॅरेज पुढची सबफ्रेम खाली घेऊनच ते काढतात. दोन अॅक्च्युएटर, ते दोन्ही सारखे ताणून सेट करायचे, दोन ऑइल फीड, दोन रिटर्न, मागच्या टर्बोचा इनलेट पाइप तर हाताला लागतच नाही. काम झालं आणि आठवड्याने एका जोडातून ऑइल टपकायला लागलं तर तेवढंच सगळं परत उघडायचं.

म्हणून स्वतः घरी गॅरेजमध्ये काम करणारे लोक ५०० च्या आकड्याला पण छोटा, ट्विन स्क्रोल, बॉल बेअरिंगचा सिंगल घेतात, कारण वर बसवलेला सिंगल वरून दिसतो, वरून हात जातो, एका दुपारात निघतो. मी स्वतः सिंगलवर गेलो त्यामागे आकड्यापेक्षा हे कारण मोठं होतं. बदल्यात काय गेलं, तर २००० च्या खालची ती पटकन उडी मारण्याची सवय गेली, गावात चालवताना गिअर एक खाली घ्यावा लागतो. आणि बॉनेटखालची उष्णता वाढली, आजूबाजूचं वायरिंग, प्लास्टिकचे भाग, सगळ्याला शील्ड लावावं लागलं.

५५० च्या वर: सिंगल. इथे ट्विनसाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. आणि इथे ती रोजची गाडी राहत नाही हे पण घरात आधीच बोलून घ्या.

७. टर्बोच्या नावातले आकडे

प्रिसिजन ६२६६ आणि बोर्गवॉर्नर ईएफआर ८३७४, नाव वाचून वाटेल दुसरा केवढा मोठा. प्रिसिजनच्या नावातला ६२ हा कम्प्रेसरच्या चाकाचा हवा आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बोर्गवॉर्नरच्या नावातला ८३ हा त्याच चाकाच्या बाहेरच्या, मोठ्या कडेचा व्यास. ८३७४ चं आतलं तोंड मोजलं तर ते पण साधारण ६२ च येतं, म्हणजे दोघं बऱ्यापैकी एका पंगतीतले आहेत. गॅरेटचं अजून वेगळं, जी२५-६६० मधला ६६० हा हॉर्सपॉवरचा अंदाज आहे, क्रँकचा. त्यामुळे नावावरून तुलना न करता तोंडाचा व्यास, टर्बाइनचा व्यास आणि हाउसिंगचा ए/आर (आतल्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले त्रिज्या) हे तीन आकडे एका कागदावर लिहा. ए/आर लहान तर बूस्ट लवकर पण वर दम कोंडतो, मोठा तर उलट. रस्त्यासाठी दोन साइजमध्ये अडकलात तर लहान घ्या.

८. किट मागवताना

खालच्या गोष्टी किटमध्ये आहेत का वेगळ्या घ्यायच्या हे विक्रेत्याकडून लेखी घ्या: मॅनिफोल्ड, एक्सटर्नल वेस्टगेट (ट्विन स्क्रोलला दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या तर बहुतेक दोन लागतात), डाउनपाइप, ऑइल फीड आणि रिटर्न, कूलंटच्या लाइन, इनलेट, चार्ज पाइप, बूस्ट सोलेनॉइड, जास्त प्रेशर वाचणारा मॅप सेन्सर (हा मॅप वेगळा, इनटेकमधला दाब मोजणारा), गॅस्केट, हीट शील्ड.

ऑइल रिटर्न सगळ्यात जास्त टर्बो मारतो. टर्बोतून ऑइल फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, त्यामुळे पाइप जाड पाहिजे, सतत उताराचा पाहिजे, मधे पोट आलेलं नको, आणि सम्पमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला पाहिजे. नाहीतर ऑइल टर्बोतच साचतं, सीलमधून बाहेर येतं, धूर निघतो आणि माणूस म्हणतो नवीन टर्बो खराब निघाला. बॉल बेअरिंग असेल तर फीडला कंपनीने सांगितलेला रिस्ट्रिक्टर (ऑइल मोजकंच जाऊ देणारं बारीक भोक) लावा, जुना जर्नल (साध्या बुशच्या) बेअरिंगचा अनुभव तिथे चालत नाही. आणि निम्म्या किमतीत मिळणारे बिननावाचे टर्बो, त्यांच्याबद्दल काय बोलायचं, चाकाचा तुकडा इंटरकूलरमध्ये सापडला की कळतं वाचलेले पैसे कुठे गेले.

बजेट करताना किटच्या किमतीएवढेच पैसे अजून बाजूला ठेवा, फ्युएल, क्लच, ट्यून आणि ज्या गोष्टी उघडल्यावर तुटतात त्या.

९. कायदा आणि इन्शुरन्स

किटच्या खोक्यावर फक्त ऑफ रोड वापरासाठी असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते गमतीसाठी नसतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून गाडी रस्त्यावर चालवणं अमेरिकेत फेडरल कायद्यानेच बेकायदा आहे, राज्यात टेस्ट असो की नसो. शिकागो भागात ओबीडीची टेस्ट होते. कॅलिफोर्नियात तर पार्टला त्यांच्या हवा प्रदूषण बोर्डाचा ईओ (मंजुरीचा) नंबर लागतो आणि जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये (तिकडची एमिशन टेस्ट) ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदललंय का ते पण बघतात, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी सिंगलचा विचार करताना हा मुद्दा पहिला घ्यावा, नववा नाही. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवा, प्रीमियम वाढेल, पण न सांगता केलेल्या बदलावर क्लेम अडकला तर त्याच्यापुढे प्रीमियम काहीच नाही.

भारतातल्या मित्रांसाठी, कारण मेसेज तिकडून पण येतात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अजून कडक शब्दांत सांगितलंय. आरटीओशी बोलल्याशिवाय हात घालू नका. दुसरं, तिकडे पंपावरचा ऑक्टेनचा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) असतो, इकडचा वेगळ्या पद्धतीने काढलेला, इकडचं ९३ म्हणजे तिकडचं साधारण ९८. त्यामुळे इकडचा ९३ चा ट्यून तिकडच्या ९५ वर टाकला तर पिस्टनची वाट लागेल. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० मुंबई-पुण्यात मिळतं पण लांबच्या प्रवासात प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही, म्हणून साध्या पेट्रोलचा वेगळा ट्यून ठेवा. तिसरं, राइट हँड ड्राइव्ह. एन५४ चा एक्झॉस्ट उजव्या बाजूला आहे आणि आपल्याकडे स्टिअरिंगचा शाफ्ट पण त्याच बाजूने जातो, अमेरिकन गाडी डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं सिंगल किट तिथे अडू शकतं, विक्रेत्याला हा प्रश्न स्पष्ट विचारा.

१०. पहिला स्टार्ट आणि पहिले लॉग

टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवा. मग फ्युएल आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइल प्रेशर येईपर्यंत. त्यानंतरच इंजिन चालू करा आणि सरळ खाली वाकून टॉर्चने सगळे जोड बघा, रेस देत बसू नका. नवीन पाइपवरचं ऑइल आणि रॅप (उष्णता अडवायची पट्टी) जळून थोडा वेळ धूर येणार, घाबरू नका, पण ऑइलची धार दिसली तर लगेच बंद.

पहिले काही दिवस फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवरच, म्हणजे कमीत कमी बूस्टवर चालवा. लॉग तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरला घ्या, बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर, भर हायवेवर नाही. ट्यूनरला पाठवायच्या लॉगमध्ये बूस्ट टार्गेट आणि प्रत्यक्ष बूस्ट, फ्युएल रेलचं प्रेशर, सगळ्या सहा सिलिंडरचं टायमिंग करेक्शन आणि हवेचं तापमान एवढं तरी असलंच पाहिजे. रेलचं प्रेशर वर जाताना कोसळतंय किंवा एकाच सिलिंडरला सारखं टायमिंग मागे येतंय असं दिसलं तर पुढचा पुल (पूर्ण पाय दाबून लॉग) घेऊ नका, ट्यूनरचं उत्तर येईपर्यंत गाडी हलक्या पायाने चालवा.

पहिलं ऑइल पाचशे मैलांच्या आत बदला आणि जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून त्याचा कागद उन्हात उघडून बघा. काळं ऑइल ठीक आहे. सोनेरी किंवा चंदेरी चमक दिसली तर तिथेच थांबा, टर्बोचा इनलेट काढून शाफ्ट हलवून बघा आणि ऑइलचं सँपल लॅबला पाठवा.